आजोबांचा टग पाण्यावर आला

आमच्या घरात एक फोटो आहे. मुलांचे आजोबा मुंबई बंदरात टगवर खलाशी होते, त्या दिवसांतला. मागे टग आणि पुढे दोरखंड खांद्यावर घेतलेले आजोबा. मोठ्या जहाजाला ढकलून धक्क्याला लावणारी ही बुटकी, दांडगी बोट. आजोबा गेल्यानंतरच्या पावसाळ्यात आमची नववीतली मुलगी म्हणाली, "मला आजोबांचा टग करायचाय. नुसता शोभेचा नाही, पाण्यात चालणारा. रेडिओवर चालणारा."

आम्ही उभयतांनी एकमेकांकडे पाहिले. आमच्यातले एक बस डेपोत मेकॅनिक, दुसरी घरी शिलाईकाम करते. असल्या छंदाला आमच्याकडे पैसा नव्हता आणि माहितीही नव्हती. पण आजोबांचे नाव आल्यावर नाही म्हणवेना. दिवाळीच्या बोनसमधला काही भाग बाजूला ठेवायचे ठरले.

प्लायवूडचा अडीच फुटी सांगाडा दोन महिन्यांत झाला. त्याला आतून-बाहेरून रेझिनचे हात दिले. खरी परीक्षा पुढेच होती. टगला दोन पंखे, म्हणून दोन मोटरी. दोन पंख्यांचा फायदा असा की सुरुवातीला सुकाणू नसले तरी चालते. डावी मोटर जोरात आणि उजवी हळू केली की बोट उजवीकडे वळते. एक पुढे, एक मागे केली की जागच्या जागी फिरते. मुलीने हे सगळे आधी वहीत आकृती काढून आम्हाला समजावले. आम्ही माना डोलावल्या, पण समजले अर्धेच. ते पुढे महागात पडले.

लॅमिंग्टन रोडवर एका रविवारी तिघे गेलो. दोन साध्या डी. सी. मोटरी, प्रत्येकीला एक स्पीड कंट्रोलर, २.४ गिगाहर्ट्झचा ट्रान्समीटर, त्याचा रिसिव्हर आणि ७.२ व्होल्टची बॅटरी घेतली. ही बॅटरी म्हणजे १.२ व्होल्टचे सहा सेल एकापुढे एक जोडलेले. कंट्रोलरचे काम सोपे आहे. रिसिव्हर त्याला सेकंदाला साधारण ५० वेळा एक बारीकसा इशारा पाठवतो. इशाऱ्याची लांबी १ ते २ मिलिसेकंद असते. दीड म्हणजे थांब, दोनकडे गेले तर पुढे, एककडे आले तर मागे. त्या हिशेबाने कंट्रोलर मोटरीला वीज सोडतो.

घरी येऊन मोटरी बसवल्या तर कर्कश आवाज यायला लागला. मोटर आणि पंख्याचा शाफ्ट एका रेषेत नव्हते. हा दोष शिलाईवालीने ओळखला. मशीनचा पट्टा तिरका चालला की असाच आवाज येतो आणि मशीन जड जाते. मोटरीखाली पुठ्ठ्याच्या पट्ट्या सारत सारत, हाताने शाफ्ट लोण्यासारखा फिरेपर्यंत तिने तो सरळ केला. शाफ्टच्या नळीत ग्रीस भरले. ग्रीसने शाफ्ट हलका चालतो आणि नळीतून पाणीही आत येत नाही. मोटरीच्या ठिणग्यांनी रेडिओला त्रास होऊ नये म्हणून प्रत्येक मोटरीवर १०४ आकडा छापलेले तीन छोटे कपॅसिटर सोल्डर केले. एक दोन टोकांमध्ये, आणि दोन्ही टोकांपासून मोटरीच्या अंगाला एकेक.

आता घडलेली चूक सांगतो. दोन पंखे एकमेकांच्या उलट फिरायला हवे होते, पण उजवी मोटर सरळच फिरत होती. रात्रपाळी करून आलेल्या मेकॅनिकने सगळे झोपल्यावर तारा उलट करून ठेवल्या. सकाळी मुलीने बॅटरी जोडली. चर्र आवाज झाला, धूर निघाला आणि उजवा कंट्रोलर गेला.

आम्ही दोघेही तिच्यावर ओरडलो. "पैसे झाडाला लागतात का? धांदरटपणा नडला!" ती काही बोलली नाही. दोन दिवस तिने टगला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी वही आणि मीटर घेऊन बसली आणि हळूच म्हणाली, "बाबा, ही प्लगची लाल-काळी कोणी बदलली?"

तेव्हा उजेड पडला. मोटरीकडच्या दोन तारा उलट केल्या तर मोटर उलटी फिरते, बिघडत काही नाही. पण रात्री झोपेच्या डोळ्यांनी उलट केल्या होत्या त्या बॅटरीकडच्या. तिथे अधिक-उणे बदलले की कंट्रोलर जळतोच. चूक मोठ्यांची, बोलणी खाल्ली लेकराने. त्या दिवशी बाबांनी मुलीची माफी मागितली, धाकट्या भावासमोर मागितली. ओरडताना तो समोर होता, तर माफीच्या वेळीही असायला हवा, असे आम्हाला वाटले. नवा कंट्रोलर पुढच्या पगारात आला. दोन महिने घरात केबल टीव्ही बंद ठेवला.

त्यानंतर आमच्या घरी नियम झाला. कोणी काही बदलले की वहीत लिहायचे आणि बॅटरी जोडण्याआधी दुसऱ्याने तपासायचे. मुलीने दोन्ही कंट्रोलरकडून रिसिव्हरला जाणाऱ्या लाल तारा काढून टेपने बंद केल्या आणि रिसिव्हरला चार छोट्या सेलची वेगळी बॅटरी दिली. दोन ठिकाणची वीज एकाच जागी भांडू नये म्हणून. मग आंघोळीच्या टबात बोट धरून मीटर लावला. हवेत फिरताना मोटर अर्धा अँपिअर घेत होती, पाण्यात दोन. पंखा अडकला तर कितीतरी जास्त घेते. म्हणून प्रत्येक मोटरीच्या वाटेवर गाडीचा पाच अँपिअरचा फ्यूज घातला. दोन मोटरींचे चार अँपिअर आणि ३००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी, म्हणजे कागदावर पाऊण तास. आम्ही अर्ध्या तासाचाच भरवसा धरला. बॅटरी तळाशी मधोमध ठेवली आणि जाळ्याला लावतात तसली शिशाची वजने दोन्हीकडे सारखी वाटली. रिसिव्हरची अँटेना मात्र केबिनमध्ये उंच बांधली, कारण या रेडिओच्या लहरी पाण्यातून जवळजवळ जात नाहीत.

ही विद्या काही आजची नाही. १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये निकोला टेस्ला यांनी लोकांसमोर बिनतारी बोट चालवून दाखवली होती. लोकांचा विश्वास बसेना. ती बोट आम्ही मुलांना चित्रात दाखवली.

मे महिन्यात गावच्या पाझर तलावावर टग नेला. काठावर आधी सगळी तपासणी केली. ट्रान्समीटर आधी चालू करायचा आणि शेवटी बंद करायचा. बोट स्टँडवर असताना तो मुद्दाम बंद करून मोटरी थांबतात ना, ते पाहायचे. मग तीस पावले लांब जाऊन पुन्हा पाहायचे. सगळे नीट निघाले.

टग पाण्यात उतरला, धक्का द्यावा तसा पुढे सरकला. गावची पोरे ओरडली. आणि मधोमध गेल्यावर डावीकडे वळून गोल गोल फिरायला लागला. उजव्या पंख्यात शेवाळ नाही, कसली तरी दोरी अडकली असावी. बाबा पँटसकट पाण्यात निघाले, त्यांना पोहता येत नव्हते.

"थांबा बाबा," मुलगी म्हणाली. "डावा फिरतोय. म्हणजे उजवीकडे वळायला हवा होता. वळतोय डावीकडे, म्हणजे डावा बंद पडलाय, उजवा चालू आहे."

तिने उजवीही मोटर थांबवली आणि वाट पाहिली. वारा आमच्या बाजूचा होता. वीस मिनिटांत टग आपला आपण काठाला लागला. डाव्या पंख्याला नायलॉनची दोरी गुंडाळलेली होती, फ्यूज गेला होता. कंट्रोलर मात्र शाबूत. पाच-दहा रुपयांच्या फ्यूजने मोठा खर्च वाचवला. फ्यूज बदलला आणि टग पुन्हा सोडला, तो अंधार पडेपर्यंत.

वाचकहो, आपल्या मुलांनी असे काही मागितले तर लगेच नाही म्हणू नका. सगळे विकत घेण्याचीही गरज नाही. एक टबभर पाणी, एक छोटी मोटर आणि दोन सेल यांनी सुरुवात होते. मुलांना खोल पाण्यात जाऊ देऊ नका, बोट अडकली तर वाऱ्याची वाट पाहा. आणि काही जळाले, बिघडले, तर ओरडण्याआधी तार कोणी बदलली ते विचारा. ती आपणच बदललेली असू शकते.

टग आता फोटोखालच्या फळीवर असतो. डाव्या मोटरीचा जुना जळका फ्यूज मुलीने वहीत चिकटवून ठेवला आहे.