उशाची उंची

फ्लॅगस्टाफ, ॲरिझोना. रात्री उशिरा.

ह्यांची छातीतली जळजळ दिवसा गुण्यागोविंदाने नांदते, आडवं झालं की डोकं वर काढते. उशाकडची बाजू सहा ते आठ इंच उंच हवी, असं डॉक्टरांनी बजावलंय. घरी पलंगाच्या पायांखाली ठोकळे सरकवले की झालं. पण सध्या मुक्काम आरव्हीत, म्हणजे चाकांवरच्या फिरत्या घरात, आणि इथल्या पलंगाला पायच नाहीत! प्लायवूडची फळी, खाली सामानाचा कप्पा आणि वर चार बोटं गादी.

उशीवर उशी रचायचा उपाय जो तो सुचवतो. मला तो मुळीच पटत नाही. मान अवघडते, शरीर कमरेत दुमडतं आणि पोटावर दाब येऊन आम्ल उलट जास्तच वर चढतं. उतार पाठीपासून हवा. मग अख्खी गाडीच पुढून उचलावी? तर गॅसवर चालणाऱ्या आमच्या फ्रीजला कललेलं चालत नाही. नवऱ्याच्या घशापायी दूध नासवायचं की काय!

शेवटी फोमची पाचर गादीखाली सारली. गादीवर ठेवली की तिची कड कमरेला टोचते. खाली असली की पातळ गादी आपसूक वळते. आता घसरण्याची पंचाईत. त्यातून आरव्हीतला क्वीन पलंग बहुधा ७५ इंचांचा, घरचा ८०. ह्यांचे पाय थेट भिंतीला! गुडघ्यांखाली चादरीची गुंडाळी दिली, तेव्हा कुठे हे जागेवर राहिले.

आरव्ही घेणाऱ्यांनो, स्वयंपाकघराचं कौतुक नंतर करा. आधी बूट काढून त्या पलंगावर आडवे होऊन बघा.