अहवालाची प्रतीक्षा

व्हिसेरा राखून ठेवला असून तो कलिना येथील प्रयोगशाळेत पाठवण्यात आला आहे, अहवालाची प्रतीक्षा आहे. मराठी वर्तमानपत्रांतलं हे वाक्य इतक्या वर्षांत फारसं बदललेलं नाही. परवा ते पुन्हा दिसलं, एका संशयास्पद मृत्यूच्या बातमीखाली, नेहमीसारखं शेवटच्या ओळीत. मृत्यू वसईतला असो की पनवेलचा, व्हिसेऱ्याची बरणी येते ती इथे, सांताक्रूझ पूर्वेला. सांताक्रूझ म्हटलं की लोकांना विमानतळ आठवतो, जुहूकडे जाणाऱ्या रिक्षा आठवतात, फार तर मुंबई विद्यापीठाचं विद्यानगरी संकुल. त्याच परिसरात राज्याची मुख्य न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे, हे फक्त बातमीच्या शेवटच्या ओळीपुरतं आठवतं आणि लगेच विसरलं जातं. अहवाल पुढे येतो, पण तो छापून आलेला क्वचितच दिसतो. वाचकाच्या वाट्याला येते ती नुसती प्रतीक्षा. आणि या ओळीवरून मला दर वेळी, तसा काही संबंध नसताना, एक फिरता पंखा आठवतो, ज्याच्या पात्याला एक भडक टाय अडकलेला आहे.

पंखा ‘डिस्को एलिसियम’ या व्हिडिओ गेममधला. एक गुप्तहेर एका खानावळीच्या वरच्या खोलीत शुद्धीवर येतो. दारूने त्याची अशी अवस्था केली आहे की स्वतःचं नावसुद्धा आठवत नाही. कपडे खोलीभर विखुरलेले, टाय पंख्याला. इमारतीमागे झाडाला टांगलेलं एक प्रेत त्याची वाट बघतं आहे, आणि त्याचाच तपास करायला हा माणूस आलेला आहे. हा खेळ एस्टोनियातल्या मंडळींनी रचला. त्या देशाची लोकसंख्या तेरा-चौदा लाख, म्हणजे आपल्या उपनगरांच्या एका कोपऱ्यात मावेल एवढी. मुख्य लेखक रॉबर्ट कुर्वित्झ. त्याच्या २०१३ सालच्या कादंबरीच्या जेमतेम हजारभर प्रती खपल्या, आणि त्याच कादंबरीचं जग घेऊन त्याने व्हिडिओ गेम करायला घेतला. खेळ १५ ऑक्टोबर २०१९ रोजी बाजारात आला. मला बोलायचं आहे ते त्याआधीच्या दिवसांबद्दल, जेव्हा त्याचं नाव ‘नो ट्रूस विथ द फ्युरीज’ होतं. वेल्श कवी आर. एस. थॉमस यांच्या कवितेतून उचललेलं हे नाव २०१८ मध्ये बदललं गेलं. त्या काळात खेळाविषयी जे बाहेर येत होतं ते चमत्कारिक होतं. म्हणे यात मारामारीची यंत्रणाच नाही. अशा खेळांत एरवी नायकाला तलवारबाजी, जादू, ढाल असले गुण असतात. इथे नायकाच्या डोक्यात चोवीस वृत्ती आहेत, चार गटांत सहा-सहा, आणि त्या बोलतात. एक तर्क लढवते, दुसरी आणखी एक पेग मागते, तिसरी निर्जीव वस्तूंशी गप्पा मारते. प्रत्येक कठीण क्षणी दोन फासे पडतात, आणि तपास फसूसुद्धा शकतो. फसल्यावरही गोष्ट पुढे चालत राहते.

माझं म्हणणं असं की या खेळाची वाट बघणं हे नेहमीच्या वाट बघण्याहून वेगळ्या जातीचं होतं, आणि ते कळायला मराठी वाचकाची जुनी सवय तपासून बघावी लागते. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. गिनेस बुकाने त्यांची नोंद घेतली, मराठी समीक्षेने मात्र घेतली नाही. (हा माझा जुना राग आहे. दोन-अडीचशे प्रती खपणाऱ्या कवितासंग्रहावर तीन-तीन परीक्षणं येतात, आणि ज्या माणसाने दोन पिढ्यांना वाचनालयाची पायरी चढायला लावली त्याच्या वाट्याला एक कौतुकाचं हसू.) त्यांचे नायक धनंजय आणि छोटू, झुंजार, काळा पहाड यांच्या पुढच्या पुस्तकासाठी लोक ग्रंथपालाकडे खेटे घालत. पण ती वाट ओळखीच्या माणसाची होती. झुंजार या वेळी गोंधळेल, चुकेल, खुर्चीत बसून रडेल, अशी शंका मनात घेऊन कोणी पुस्तक उघडत नसे. पुढे १९९८ मध्ये दूरदर्शनच्या पडद्यावर ‘सीआयडी’ ही मालिका सुरू झाली, तीही त्याच घराण्यातली. शिवाजी साटमांचा प्रद्युम्न बोटं फिरवून विचार करायचा, त्याच्या हाताखालच्या दयाने दार तोडलं की उत्तर आत बसलेलंच असायचं. अशा कथेत प्रतीक्षा म्हणजे निव्वळ उशीर. उत्तर तयार आहे, लेखकाने खिशात ठेवलं आहे, ते आपल्याला शेवटच्या पानावर मिळणार. हा आनंद हलका आहे असं मी म्हणत नाही. पण खरा तपास असा नसतो.

खरा तपास कसा असतो ते कलिन्याला दिसतं. शवविच्छेदनाच्या वेळी पोट, यकृत, मूत्रपिंड यांचे भाग बरण्यांत काढून घेतात आणि बहुतेक वेळा मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवतात. बरणीला मोहोर लागते, चिठ्ठी लागते, आणि एखादा शिपाई ती पोहोचवून पोच घेऊन परत जातो. आत टेबलाशी बसलेल्या रसायनतज्ज्ञाला सगळी गोष्ट माहीत नसते. मेलेला माणूस कोणाशी भांडला होता, त्याच्यावर कर्ज होतं का, शेजारीण काय म्हणाली, यातलं काही त्याला विचारलेलं नसतं. विचारलेलं असतं एवढंच की विष आहे का आणि असेल तर कोणतं. ‘विष आढळलं नाही’ असं उत्तर आलं तरी गोष्ट संपत नाही. सगळी विषं नेमकी सापडतील इतका काळ शरीरात टिकत नाहीत, आणि काही मृत्यूंना विषाची गरजच नसते. पंचनामा करणारा एक, शरीर उघडणारा दुसरा, बरणी तपासणारा तिसरा, जबाब घेणारा चौथा, आणि हे सगळं एकत्र लावून अर्थ काढणारा कोर्टात बसलेला पाचवा. एकट्या माणसाला सगळं ठाऊक आहे असा क्षण या प्रवासात कुठेच येत नाही. त्या एस्टोनियन मंडळींनी गुप्तहेराच्या कवटीत हेच ऑफिस बसवलं होतं. चोवीस कारकून, प्रत्येकाकडे एकेक तुकडा, आणि टेबलावर खोटं बोलणारेही दोन-चार. म्हणून मला तो अपारंपरिक गुप्तहेर झुंजारापेक्षा कलिन्याच्या जवळचा वाटतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: ही प्रतीक्षा म्हणजे जाहिरातबाजी. कंपन्या चित्रफिती सोडतात, तारखा पुढे ढकलतात, लोक न पाहिलेल्या वस्तूचे पैसे आधीच मोजतात, आणि हातात येतं ते अर्धंकच्चं. हे खरं आहे, आणि न पाहिलेल्या खेळाचे पैसे आगाऊ भरणाऱ्यांबद्दल मला फारशी सहानुभूतीही नाही. पण जाहिरात आपल्याला उत्तर विकते: हा नायक, हा खलनायक, हा स्फोट, ही सुटका. चांगली जाहिरात पाहिल्यावर वाट बघायला काही उरतच नाही. या खेळाविषयी जे बाहेर येत होतं त्याने प्रश्न वाढत होते. लढाईशिवाय असा खेळ चालेल कसा? सलग वाचायला ठेवलेला एवढा मजकूर (शेवटी तो दहा लाख शब्दांच्या वर गेला) लोक पडद्यावर वाचतील? हरण्यात गंमत कशी आणता येईल? या प्रश्नांची उत्तरं तेव्हा रचणाऱ्यांकडेही नव्हती, ती बनत होती. अर्नाळकरांच्या खिशात उत्तर होतं, इथे खिसाच शिवायचा बाकी होता. अशा वेळी वाट बघणारा माणूस तुटपुंज्या पुराव्यावरून अंदाज बांधतो, मोडतो, पुन्हा बांधतो. म्हणजेच तपास करतो. खेळ हातात आल्यावर तो करतो त्यापेक्षा प्रामाणिक तपास, कारण अजून कोणी पुरावे त्याच्यासाठी मांडून ठेवलेले नसतात.

वाट बघणं हाच तपास म्हटलं की मधेच गोव्याची गोष्ट येते. कुख्यात गुन्हेगार चार्ल्स शोभराज १६ मार्च १९८६ रोजी तिहार तुरुंगातून पळाला आणि ६ एप्रिलला पर्वरीच्या ‘ओ कोकेरो’ हॉटेलात मुंबई पोलिसांचे निरीक्षक मधुकर झेंडे यांच्या हाती लागला. झेंडे यांनी त्याला १९७१ मध्ये मुंबईत एकदा पकडलेलं होतं, चेहरा त्यांना ठाऊक होता. बाकी सगळी पाळत. तो येईल की नाही याची खात्री नसताना त्याच त्या जागी बसून राहणं, जेवायला आलेल्या गिऱ्हाइकासारखं दिसत राहणं. आपल्या भाषेत वाट बघणं आणि पाळत ठेवणं यांत अंतर कमीच आहे, दोन्हींत नजर रस्त्यावर असते. चिन्मय मांडलेकर यांचा ‘इन्स्पेक्टर झेंडे’ हा चित्रपट २०२५ मध्ये आला तेव्हा त्या बसून राहण्यालाही थोडी गंमत असते हे दिसलं, हे बरं झालं. पण मला खुपते ती वेगळीच गोष्ट. त्या हॉटेलात पुढे पुतळा बसवला गेला तो शोभराजचा. टेबलाशी ऐटीत बसलेला. वाट बघणाऱ्याचा पुतळा कोणी करत नाही, कारण बसून राहण्यात बघण्यासारखं काय असतं?

दुसरा आक्षेप मला जास्त जड वाटतो. ज्यांच्या घरातला माणूस गेला आहे आणि जे कलिन्याच्या कागदासाठी महिनोन् महिने पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवतात, त्यांच्या प्रतीक्षेशेजारी एका खेळाची उत्सुकता मांडणं हा उद्धटपणा आहे. यातलं अर्धं मी विनातक्रार मान्य करते. ती प्रतीक्षा खेळ नाही, तिच्यात गंमत नाही, आणि उशीर झालेल्या अहवालाचं समर्थन कुठल्याही कलाकृतीने होत नाही. पण उरलेलं अर्धं असं: रहस्यकथांनी आपल्याला शिकवलं की उशीर म्हणजे कुणीतरी लपवतंय, आणि हुशार माणसाने दार तोडलं की काम झालं. या शिकवणीचा भार शेवटी त्याच माणसांवर पडतो. बातमीत ‘प्रतीक्षा आहे’ वाचून झालं की शेजारीपाजारी दोन दिवसांत निकाल लावून मोकळे होतात, बायकोने केलं, दिराने केलं. न कळण्याची सवय नसलेला समाज कागद यायच्या आत फैसला सुनावतो. ज्या गुप्तहेराला स्वतःच्या खोलीतला टाय पंख्यावरून काढताना जीव गमावण्याची पाळी येऊ शकते, तो गुप्तहेर ती सवय थोडी तरी लावतो. त्याला दिवा लावायचीसुद्धा भीती, कारण प्रकाशाने त्याचं हृदय थांबू शकतं.

आज खेळ येऊन बरीच वर्षं झाली. त्याच वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये त्याला चार पारितोषिकं मिळाली, पुढे कुर्वित्झसह त्याचे मुख्य रचनाकार खेळ बनवणाऱ्या कंपनीतून बाहेर पडले आणि भांडणं कोर्टापर्यंत गेली. तो हिंदीत नाही, मराठीतही नाही. त्या चोवीस वृत्तींत एक आहे जिचं नाव मराठीत आणायचं तर ‘शहारा’ म्हणावं लागेल. गुप्तहेर एखाद्या कोपऱ्यावर उभा राहतो, अंगावर काटा येतो, आणि शहर त्याच्याशी बोलू लागतं: या क्षणी दूरच्या गल्लीत काय चाललंय, कुठे पाणी गळतंय, कोण जागं आहे. शहर आणि शहारा, मराठीला हा शब्द किती तयार मिळाला असता.

सांताक्रूझला शहर बोललं की त्याचा आकडा होतो, कारण हवामान खात्याची वेधशाळा इथे आहे. २६ जुलै २००५ च्या पावसात इथे चोवीस तासांत ९४४.२ मिलिमीटर नोंदले गेले, त्याच वेळी कुलाब्याला ७३.४. एकच शहर, एकच दिवस, दोन साक्षीदार, आणि दोघेही खरं सांगणारे. कुलाब्याच्या खिडकीतून पाहणाऱ्याला उपनगरांची हकीकत अतिशयोक्ती वाटली असती, आणि त्याला खोटारडा म्हणता आलं नसतं. उपनगरांत त्या रात्री कित्येक घरांत वीज नव्हती, पंखे थांबलेले होते, माणसं जिन्यांवर आणि बसच्या टपांवर बसून होती, आणि नेमका किती पडला हे कोणालाच माहीत नव्हतं. तो आकडा सकाळी साडेआठला मोजायचा होता.