मृत्यूलाही थंडी वाजते

मुलांच्या चित्रपुस्तकाकडून आपल्या अपेक्षा ठरलेल्या असतात. त्यात ससा असावा, चांदोबा असावा आणि शेवटच्या पानावर सर्वांनी सुखाने नांदावे. वोल्फ एर्लब्रुख या जर्मन लेखक-चित्रकाराने २००७ साली प्रसिद्ध केलेले एक पुस्तक या अपेक्षांना पहिल्या दोन-तीन पानांतच सुरुंग लावते. ‘बदक, मृत्यू आणि ट्यूलिप’ असा त्याच्या नावाचा अर्थ. भाच्याने आमच्या सहा वर्षांच्या नातवासाठी त्याची इंग्रजी प्रत आणली, ती मी प्रथम चाळली तेव्हा अंगावर काटा आला.

कथा अगदी साधी. आपल्या पाठीमागून कोणीतरी चालत आहे, असे एका बदकाला जाणवते. वळून पाहते तो कवटीचे तोंड आणि चौकटीचा लांब झगा असलेला मृत्यू! बदक घाबरते. मृत्यू मात्र शांतपणे सांगतो, की तो जन्मापासून तिच्या जवळपासच आहे. मग दोघांची मैत्री होते. ती तळ्यावर जातात, झाडावर चढतात, मरणानंतर काय असेल यावर गप्पा मारतात. पाण्यात भिजून मृत्यू गारठतो, तेव्हा बदक त्याला आपल्या अंगाची ऊब देते. पुढे थंडी पडते आणि ऊब मागण्याची पाळी बदकावर येते. बर्फ पडू लागतो, तिचा श्वास थांबतो. मृत्यू तिची पिसे सारखी करतो, तिला नदीत अलगद सोडतो आणि तिच्या अंगावर ते ट्यूलिपचे फूल ठेवतो.

हे मुलांच्या हाती द्यावे काय? आमच्या घरात यावर दोन दिवस वाद झाला. सून म्हणाली, “निजताना हे वाचले तर पोर रात्रभर झोपणार नाही.” तिच्या म्हणण्यात तथ्य होते. पण विचार करता करता मला वटपौर्णिमेची कथा आठवली. यमाच्या मागोमाग चालत जाणारी सावित्री आणि यमाच्या दारी तीन रात्री उपाशी राहिलेला बाळ नचिकेता, यांच्या गोष्टी आपण मुलांना निःशंकपणे सांगत आलो आहोत. मग या बदकाचेच भय का वाटावे? कदाचित सावित्री पतीला परत आणते आणि नचिकेता वर घेऊन परततो म्हणून. बदक परत येत नाही. या पुस्तकाचा धक्का आहे तो एवढ्यातच.

या वादाचा निर्णय अनपेक्षितपणे आमच्या आत्याने केला. तिचे वय सत्त्याऐंशी. हृदय दुबळे झालेले, पायांवर सूज, दोन उशांच्या आधाराशिवाय झोप नाही. “मी गेल्यावर...” असे तिने म्हणायचा अवकाश, की कोणीतरी तिला अडवतेच, “अहो, असे अभद्र बोलू नये, शंभरी गाठायची आहे!” तिने भिंग घेऊन चित्रे पाहिली आणि मी शेजारी बसून मराठीतून गोष्ट सांगितली. बदक मृत्यूला ऊब देते त्या पानावर ती थांबली आणि हसून म्हणाली, “अगं, यमालाही थंडी वाजते की!” मग पुस्तक मिटून, आवाजात किंचितही कंप न येऊ देता तिने सांगितले, “शेवटी मला नळ्या लावून दवाखान्यात ठेवू नका. खिडकीजवळची ही खाट मला पुरे.”

जे बोलायला दोन वर्षे वाट सापडली नव्हती, ते त्या दुपारी बोलले गेले. पुढच्या भेटीत डॉक्टरांसमोर तिने तेच स्वतः सांगितले. आपल्या माहितीसाठी नमूद करते, की अखेरच्या आजारात कोणते उपचार नकोत हे शुद्धीत असताना लिहून ठेवण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्य केला आहे. २०२३ साली त्याची पद्धतही सुलभ केली. यालाच ‘लिव्हिंग विल’ म्हणतात. परंतु कागदाच्या आधी संभाषण हवे.

आणि नातू? तो दाराशी उभा राहून सारे ऐकत होता. “आत्याआजी, तू पण मरणार?” त्याने विचारले. ती म्हणाली, “हो रे. पण आज बहुधा नाही. आज आपल्याला पत्ते खेळायचे आहेत.” तो पत्ते आणायला धावला.

सर्वसाधारणपणे पाच ते सात वर्षांच्या सुमारास, मेलेले परत येत नाही, हे मुलांना उमगू लागते. त्याआधी ‘झोपले’ म्हटले तर काही मुलांना झोपेचीच भीती बसते. ‘देवाघरी गेले’ म्हटले तर ती ‘कधी येणार?’ असे विचारत राहतात. म्हणून ‘मेले, आता त्यांचे शरीर काम करत नाही, त्यांना दुखत नाही’ असे साधे, खरे शब्द वापरावेत. श्रद्धेची भर त्यानंतर अवश्य घालावी.

हे पुस्तक सर्वांसाठी नाही. घरात नुकतेच दुःख घडले असेल, तर ते घाईने पुढे करू नये. मोठ्यांनी आधी स्वतः वाचावे, मग दिवसाउजेडी, मुलाला जवळ बसवून वाचावे आणि त्याने थांबवले तर थांबावे.

शुश्रूषा करणाऱ्या वाचकांनो, आपल्या घरातील वृद्ध माणूस ‘मी गेल्यावर’ असे म्हणेल, तेव्हा त्याला शंभर वर्षांचा आशीर्वाद देण्याआधी खुर्ची जवळ ओढून बसा आणि ते वाक्य पुरे होऊ द्या. आणि ज्येष्ठांनो, आपल्या मुलांना तो विषय काढण्याचे धैर्य होत नसेल, तर आपणच काढा. ऊब कोणी कोणाला द्यावी, याचा क्रम त्या बदकानेही कधी पाहिला नव्हता.