नर्सबाईंचा प्रश्न

आमचे आजोबा रोज सकाळीं चष्मा लावून वर्तमानपत्रांतील अगदीं बारीक मजकूरहि वाचीत. त्यामुळें आपल्या दृष्टीविषयीं त्यांना यत्किंचितहि शंका नव्हती. मधुमेह जडून बारा वर्षें झालीं होतीं. पथ्य चाले, गोळ्या चालत, रक्ताची तपासणीहि होई. परंतु ज्या दवाखान्यांत ते नेमानें जात, तेथें डोळ्यांची गोष्ट कोणीं कधीं काढलीच नाहीं. याचें मला अद्यापि वैषम्य वाटतें.

गेल्या वर्षीं पायाच्या जखमेस पट्टी बांधविण्यासाठीं मी त्यांना दुसऱ्या एका रुग्णालयांत घेऊन गेलों. पट्टी बांधतां बांधतां तेथील नर्सबाईंनीं सहज विचारलें, "आजोबा, डोळ्यांचा पडदा कधीं तपासला होता?"

आजोबा हंसले. "बाई, दुखतो आहे पाय आणि तुम्ही विचारतां डोळ्यांचें! मला सारें स्वच्छ दिसतें."

"स्वच्छ दिसतें आहे तोंवरच यावें, आजोबा."

या उत्तराचा अर्थ मला मागाहून उमगला. रक्तांतील साखर वर्षानुवर्षें वाढलेली राहिली म्हणजे डोळ्याच्या मागील पडद्यांतल्या अतिसूक्ष्म रक्तवाहिन्या दुबळ्या होऊन झिरपूं लागतात. पुढें नव्या, ठिसूळ वाहिन्या उगवतात, आणि एखादे दिवशीं त्यांतून रक्तस्राव होऊन दृष्टि झांकोळते. तोंपर्यंत ना दुखणें, ना खुपणें! म्हणूनच प्रौढ वयांत मधुमेह जडल्याचें कळतांच, व त्यानंतर साधारणतः दरवर्षीं, पडदा तपासावा असा वैद्यकाचा दंडक आहे. आइसलंडसारख्या चिमुकल्या देशांत १९८० सालापासून अशी तपासणी पद्धतशीर सुरू झाली, आणि मधुमेहानें येणारें अंधत्व तेथें पुष्कळच घटलें.

आठ दिवसांनीं आम्ही पुन्हां गेलों. बाईंनीं प्रथम भिंतीवरील अक्षरें वाचावयास लाविलीं, मग औषधाचे थेंब घातले. बाहुल्या मोठ्या होईपर्यंत वीसेक मिनिटें बसावें लागलें. तेवढ्यांत, कांहीं तास अंधुक दिसेल, उन्हांत डोळे दिपतील, नातवाचा हात सोडूं नका, असें त्यांनीं दोनदां बजाविलें. नंतर यंत्रापुढें हनुवटी टेंकवून छायाचित्र घेतलें. पडद्यावर नारिंगी वर्तुळ उमटलें, आणि त्यांत उपनद्यांच्या नकाशाप्रमाणें पसरलेल्या रक्तवाहिन्या. डाव्या डोळ्यांत लाल ठिपके होते, पिंवळसर डागहि होते. मीं अधीरपणें विचारलें, तर बाई म्हणाल्या, "निदान डॉक्टर सांगतील. चित्र स्वच्छ येणें आणि आजोबा डॉक्टरांपर्यंत पोंचणें, एवढें माझें काम."

या कामाचा दुसरा भागच अवघड निघाला! ज्वारीची काढणी चालू होती. आजोबांनीं नेमलेला दिवस चुकविला. बाईंचा दूरध्वनि आला. आजोबांनीं दुसरा दिवसहि चुकविला. पुन्हां दूरध्वनि आला, आणि या खेपेस बाईंनीं आजोबांना सोडून आजीशींच बोलणें केलें. तिसऱ्या तारखेस आजोबा निमूटपणें गाडींत बसले.

डॉक्टरांनीं लेसर किरणांनीं उपचार केले. उजवा डोळा शाबूत आहे. डाव्याची जी दृष्टि उणावली ती मात्र परत यावयाची नाहीं; उजवा झांकून पाहीपर्यंत ती उणावल्याचें आजोबांना ठाऊकहि नव्हतें.

आतां आमच्या पंचांगांत एकादशीच्या खुणेशेजारीं आणखी एक खूण असते. तिच्यापुढें आजोबांनीं स्वहस्तें, किंचित् वांकड्या ओळींत, लिहिलें आहे : बाईंनीं बोलाविलें आहे.