सालारजंगमधले पेले आणि कोनाड्यातली कपबशी

आमचे उमरगा सोलापूर-हैदराबाद महामार्गावरचे गाव. रोज हैदराबादच्या गाड्या दारावरून जातात, तरी मुलांना ते शहर दाखवायचे राहूनच गेले होते. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत पहाटेच्या एस.टी.ने सहकुटुंब निघालो. हुमनाबाद, जहिराबाद मागे टाकून मुसी नदीकाठचे सालारजंग म्युझियम गाठले.

१९४८ पर्यंत आपला जिल्हा निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याचे काही काळ दिवाण असलेले तिसरे सालारजंग, मीर युसूफ अली खान (१८८९-१९४९) यांनी जमविलेल्या वस्तू येथे आहेत. त्यांत व्हेनिस, बोहेमिया, इंग्लंडकडचे काचसामानही आहे. नक्षीदार पेले पाहून मुलीने विचारले, "बाबा, यातून पाणी प्यायचे?"

"पाणी कुठले, बाळा! बड्या लोकांची दारू."

आपण पंचशील पाळणारी माणसे. पण कारागिरी पाहायला हरकत नव्हती. परत आल्यावर या पेल्यांविषयी वाचले. आगीच्या भीतीने व्हेनिसने १२९१ मध्ये काचेच्या भट्ट्या मुरानो बेटावर हलविल्या. तिथल्या कारागिरांनी पंधराव्या शतकात पाण्यासारखी नितळ काच बनविली आणि असे पेले युरोपातील श्रीमंतांच्या मेजावर मिरवू लागले.

जर्मन मुलखात पुढे एक उंच ग्लास निघाला. त्यावर आडव्या रेघा असत. एकाने एका रेघेपर्यंत प्यायचे आणि तोच ग्लास शेजाऱ्याच्या हाती द्यायचा!

हे वाचले आणि मी पुस्तक मिटले. लहानपणी वडिलांबरोबर एका खेड्यात गेलो होतो. हॉटेलबाहेरच्या कोनाड्यात कान तुटलेला कप आणि बशी होती, आपल्या माणसांसाठी. वडिलांनी चहा घेतला, कपबशी स्वतः विसळली, परत कोनाड्यात ठेवली. मला तहान लागली तर मालकाने वरून ओंजळीत पाणी ओतले. घटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केलेली होती, १९५५ चा कायदाही होता. कोनाडा मात्र शाबूत होता.

तिकडेही गरीब-श्रीमंत होतेच. पण एका मेजावर बसलेल्याचा ओठ लागला म्हणून ग्लास विटाळत नव्हता. काच धुतली की स्वच्छ होते. डाग असतो तो मनात.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, ते माणुसकीच्या हक्कासाठी. म्हणून बंधू-भगिनींनो, कुठे अजून वेगळा कप पुढे आला, तर मुकाट्याने विसळून ठेवू नका. तिथेच जाब विचारा, आणि मुलांच्या देखत विचारा.

जयभीम!