शर्यत बघा, पैज टाळा

आपल्या जवाहरनगरच्या परिसरात शंकरपट भरला की गर्दी उसळते. मलाही पट बघायला आवडतो. काळजी वाटते ती पैजेची. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ मानला. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवरची पैज कायदेशीर आहे. पण दारूही कायदेशीरच आहे ना! जुगाराच्या व्यसनाला जागतिक आरोग्य संघटनेने आजार मानले आहे. झोप येत नाही म्हणून आलेल्या रुग्णाला मी पैशांबद्दलही विचारतो. हरलेले पैसे भरून काढायला पुन्हा पैज लावणे, घरच्यांपासून कर्ज लपवणे, या त्याच्या खुणा. घरात कुणात त्या दिसल्या तर भांडू नका. डॉक्टरांना दाखवा, किंवा १४४१६ या टेलिमानसच्या मोफत क्रमांकावर बोला.