चिंचेच्या वाटीतले राजे

पूर्णेच्या खोऱ्यात कसण्याच्या जमिनीला ‘काळी’ म्हणतात आणि गाव जिच्यावर वसते तिला ‘पांढरी’. बुलढाणा जिल्ह्यातील भोन येथे डेक्कन कॉलेजच्या उत्खननात प्राचीन वसाहत आणि विटांचा स्तूप उजेडात आला. अशा जुन्या वस्तीच्या जागी पावसाने माती धुपली की एखादी हिरवट चकती वर येते; हल्ली ती मेटल डिटेक्टरनेही शोधली जाते. घरी आणलेले हे नाणे बहुधा थेट चिंचेच्या पाण्यात पडते. देवघरातील तांब्या चिंचेने उजळतो, मग नाणे का नाही?

कारण पुरलेले नाणे आतून बाहेरपर्यंत तांबे राहिलेले नसते. ओलाव्यात त्याचा वरचा थर लाल ऑक्साइड बनतो आणि त्यावर हिरवे कार्बोनेट चढते. मूळ पृष्ठभाग, म्हणजेच अक्षरे, पुष्कळदा त्या गंजाच्या थरातच शिल्लक असतात. आम्लाला गंज आणि अक्षर यांतील भेद कळत नाही. उरतो तो खड्डे पडलेला, गुलाबी, मुका तुकडा.

यात काय गमावले जाऊ शकते, हे तऱ्हाळ्याचा साठा सांगतो. तेव्हाच्या अकोला, आताच्या वाशीम जिल्ह्यातील या गावी १९३९ साली सुमारे १,६०० सातवाहन नाणी मिळाली. ती पोटीनची, म्हणजे तांबे, कथील आणि शिसे यांच्या मिश्रणाची होती. वा. वि. मिराशी यांनी ती वाचली आणि पुराणांतील वंशावळीत नसलेली कुंभ सातकर्णी व कर्ण सातकर्णी ही नावे इतिहासात आली. अशा नाण्यांवर राजाचे पूर्ण नाव क्वचितच उमटलेले असते. एकावर आरंभ, दुसऱ्यावर शेवट, असे जुळवून ते वाचावे लागते. म्हणून साठ्यातील एकेक झिजके नाणेही मोलाचे. ही नाणी कोणी आधीच लखलखीत केली असती, तर हे राजे वाटीतच विरघळले असते.

संग्रहालयातील जाणकार सूक्ष्मदर्शकाखाली कणाकणाने माती काढतो आणि पुष्कळदा गंजाला हातही लावत नाही. अपवाद फिकट हिरव्या भुकटीचा: ती क्लोराइडची खूण असते आणि दमट हवेत नाणे पोखरत जाते. त्यावर उपचार तज्ज्ञानेच करावेत; तोवर नाणे कोरड्या डबीत ठेवावे, सोबत सापडल्याची जागा व तारीख लिहावी. १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक मूल्याच्या निधीची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. न धुता.